पांढरा पोत

संगणकानं छातीच्या एक्स-रेची ती फिल्म धोक्याच्या सर्वांत वरच्या गटात टाकली तेव्हा इंद्रायणीच्या हातात चहाचा कप होता, आणि ओठांपाशी नेलेला तो कप तिनं तसाच धरून ठेवला. फिल्मवर नाव नव्हतं. पुण्याच्या त्या संशोधन संस्थेत येणाऱ्या कुठल्याच फिल्मवर नाव नसायचं, नुसता क्रमांक असायचा. पण हा क्रमांक तिला पाठ होता, कारण तो तिनंच स्वतःला दिला होता. गेल्या वर्षी प्रकल्प सुरू झाला तेव्हा निरोगी बायकांच्या फिल्म कमी पडत होत्या, आणि डॉक्टर वर्तकबाई सहज म्हणाल्या होत्या, "तुमचीच काढू या की. चाळिशी आलीच आहे." काढली. गाठबीठ काही नव्हती. 'नॉर्मल' असा शिक्का बसला, फिल्म स्कॅन होऊन हजारभर फिल्मांच्या ढिगात गेली आणि इंद्रायणी ती विसरूनही गेली. तिनं लिहिलेला प्रोग्राम गाठ शोधणारा नव्हताच. गाठ नसलेल्या छातीचा तो पोत मोजायचा. काळ्या चरबीतून पांढरं दुधाळ जाळं किती पसरलंय, ते दाट आहे की विरळ, सारखं आहे की गुंतलेलं, हे ठिपक्या-ठिपक्यानं तपासून तो सांगायचा, की या बाईला पुढे कधीतरी कर्करोग होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा किती जास्त. आजार झाला असं नाही. होईलच असंही नाही. नुसता कल. आज सुधारलेला प्रोग्राम तिनं सगळ्या फिल्मांवरून फिरवला आणि स्वतःची छाती तिच्यासमोर पडद्यावर आली, कार्तिकातल्या पहाटेच्या धुक्यासारखी, पांढरीच पांढरी.

भीती वाटली, पण ती मागाहून. तिच्याआधी दुसरंच काहीतरी येऊन गेलं, आणि त्याची इंद्रायणीला नंतर फार लाज वाटली. चारचौघांत कुणी निरखून पाहावं आणि म्हणावं, अगदी आईवर गेलीस गं, तेव्हा जे गोड वाटत असेल तसं काहीतरी. वाटत असेल, एवढंच तिला म्हणता येत होतं, कारण तिला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी धोंडाबाई याच आजारानं गेली होती. इंद्रायणी तिला आई म्हणायची. तिच्याच अंगावर पिऊन ती वाढली होती. आता यंत्र सांगत होतं की तिच्या छातीतही पुढे तसलंच काही होऊ शकेल, आणि चाळीस वर्षांची, दोन पदव्या घेतलेली, आकड्यांवर जगणारी ही बाई त्या पांढऱ्या जाळ्याकडे धोंडाबाईनं मागं ठेवलेल्या लुगड्याकडे बघावं तशी बघत बसली. चहावर साय धरली.

वर्तकबाईंना तिनं त्याच दुपारी सांगितलं. त्यांनी फिल्म उजेडाच्या काचेवर लावली, चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ पाहिलं. "दाट आहे खरा," त्या म्हणाल्या. "पण घाबरायचं नाही. आपला प्रोग्राम अजून शिकतोय. दर वर्षी तपासणी करायची, बस. मूल झालं नाही, अंगावर पाजलं नाही, की बऱ्याचदा पोत असा राहतो." हे त्या इतक्या साधेपणानं म्हणाल्या की इंद्रायणीला ते लागलं हे त्यांना कळलंही नाही. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला होता? आईला?"

इंद्रायणी म्हणाली, "हो." आणि लगेच म्हणाली, "नाही. म्हणजे जिनं मला पाजलं, तिला होता. जन्म दुसरीनं दिला."

"दुधातून हे येत नाही," वर्तकबाई म्हणाल्या. "पोत रक्तातून येतो. त्या बाईंना सख्खी मुलगी आहे का?"

"आहे."

"मग तिला आणा आधी. धोका तिला आहे. आणि तुमच्या जन्मदात्या आईचं काय? तिच्या छातीला कधी काही झालं होतं?"

इंद्रायणीनं फिल्म काचेवरून उतरवली. हजार परक्या बायकांच्या छात्या तिनं आतून पाहिल्या होत्या, आणि स्वतःच्या आईच्या छातीविषयी तिला काडीचीही माहिती नव्हती.

तिला माहीत होतं ते एवढंच. तिचे आई-बाप धनगर, आणे पठाराकडचे. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, वाटेत पिंपळवंडीला धोंडाबाईच्या रानात मेंढरं बसायला असायची, खतासाठी. तिथंच, बाजरी निघालेल्या मोकळ्या रानात, गजराबाईला ही मुलगी झाली. पंधरवड्यानं वाडा, म्हणजे धनगरांचा तळ, हलला तेव्हा मुलगी धोंडाबाईपाशी राहिली. धोंडाबाईची ठकू तेव्हा महिन्याची होती. एकीला एका मांडीवर, दुसरीला दुसऱ्या मांडीवर घेऊन धोंडाबाई ओट्यावर बसायची, असं गावातल्या बाया सांगायच्या. इंद्रायणी हे नावसुद्धा धोंडाबाईनंच ठेवलं. हे आठवण्याजोगं नव्हतं, तरी इंद्रायणीला ते आठवायचं: मिश्रीचा वास, घामानं ओली चोळी, काळ्या पोतीतला टोचणारा मणी, आणि दुसऱ्या बाजूनं सतत ढकलणारा एक छोटा पाय. तो पाय ठकूचा. तो पुढेही ढकलतच राहिला. वैशाखात मेंढरं परतली की गजराबाई यायची, उन्हानं काळी पडलेली, अंगाला लोकरीचा उग्र वास. ओट्याच्या खाली बसायची, वर यायची नाही. इंद्रायणी धोंडाबाईच्या पदराआड लपायची. "जा की गं, तुझी आय हाय ती," धोंडाबाई म्हणायची. आई आणि आय. एका अक्षराचं अंतर, आणि इंद्रायणीनं ते कधी ओलांडलं नाही. गजराबाईनंही हात पुढे केला नाही. मूठभर करवंदं नाहीतर सुकी मासळी ओट्यावर ठेवायची आणि उठून जायची. ही बाई मला टाकून गेली, हे इंद्रायणीनं फार लहानपणी मनाशी पक्कं केलं होतं, आणि त्यावर मग शाळा, जुन्नरचं वसतिगृह, पुणं, नोकरी, एकटीचं घर असे थर चढत गेले.

धोंडाबाईनं गाठ दडवली होती. वर्ष झालं असेल, दोन झाली असतील. हळद आणि कसलासा पाला लावून कापड बांधायची. वास लपेना तेव्हा ठकूनं तिला पुण्याला आणलं. इंद्रायणी ऑफिस सोडून दवाखान्यात धावली. पट्टी बदलायच्या वेळी नर्सनं विचारलं, घरचं कोण आहे, एकच बाई आत या. दोघी उठल्या. ठकू मागं न बघता म्हणाली, "मी लेक हाय. ती धनगराची हाय, आमच्याकडं ऱ्हायला व्हती." दार लागलं. इंद्रायणी बाहेरच्या बाकावर बसून राहिली. ठकू खोटं बोलली नव्हती, म्हणून तर तिला रागही धरता येईना. पुढे महिन्याभरात धोंडाबाई गेली आणि ज्या छातीचा वास तिच्या नाकातून कधी गेला नाही ती तिनं शेवटी पाहिलीच नाही. खरं तर पोत मोजण्याचं हे काम पुढे आलं तेव्हा दुसरी चांगली कामं सोडून ते तिनं मागून घेतलं. का, ते ऑफिसात कुणी विचारलं नाही.

रविवारी ती वारूळवाडीला गेली. ठकूला तिथं दिलेली. शेडमध्ये टोमॅटोचा ढीग होता, ठकू आणि तिचा नवरा भगवंत कच्चे-पिके वेगळे करत क्रेट भरत होते. इंद्रायणीला पाहून भगवंत उठला, "या ताई, लई दिसांनी," म्हणाला आणि चहाचं सांगायला आत गेला. ठकू उठली नाही. इंद्रायणी तिच्यासमोर बसली आणि हाताला लागेल तो टोमॅटो उचलून क्रेटमध्ये टाकू लागली. कामाकडे बघत बोलणं सोपं जाईल असं तिला वाटलं होतं, पण जाईना.

"ठकू, पुण्याला चल. एक फोटो काढायचाय छातीचा. आईला होतं ते तुला नाही ना, बघायला."

"मला काय झालंय?"

"काही झालं नाही. झालेलं नसतानाच बघायचं असतं."

"आणि निघालं म्हंजे?"

"लवकर कळलं तर बरं होतं. आईचं आपल्याला उशिरा कळलं."

ठकूचा हात थांबला. "आपल्याला," ती म्हणाली. मग हलक्या आवाजात, भांडण नसल्यासारखं, ती बोलत राहिली. "दूध आपल्या दोघींचं व्हतं, इंद्रे. आमची आजी म्हणायची, ठकी किडमिडी ऱ्हायली, निम्मं धनगराच्या पोरीनं पेलं. शाळंत तू पुढं गेलीस. आई मरताना बी तुझंच इचारत व्हती, इंदी जेवली का, इंदी कुठं बसलीय. आन् आता रोगाचं आलं तर तो तेवढा माझ्या एकटीच्या वाट्याला? दुधाचा काय हिशेब न्हाई व्हय तुज्या मशीनीत?"

इंदी कुठं बसलीय. इंद्रायणीनं ते वाक्य ऐकलं आणि तिच्या आत इतकं काही सांडलं की तिला क्षणभर टोमॅटोचा ढीग नुसता लाल दिसला. आठ वर्षं हे वाक्य या शेडमध्ये, या बाईच्या पोटात पडून होतं. बाहेरच्या बाकावर, एवढंच उत्तर होतं त्याचं. बाहेरच्या बाकावर बसलेय, आई. तिला वाटलं ठकूला म्हणावं, माझाच पोत वाईट आला आहे, तुला आनंद होत असेल तर घे. पण तिनं तसं म्हटलं नाही. तिनं सरळ सांगितलं. "मशीननं माझा धोका वरचा दाखवलाय, ठकू. दुधाचा नाही म्हणतात डॉक्टर. माझ्या रक्ताचा असेल. पण तुझंही बघायला पाहिजे, आणि तू आली नाहीस तर मला झोप लागणार नाही."

ठकूनं तिच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. चेहऱ्याकडे, मग खाली छातीकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. भगवंत चहा घेऊन आला. "मंगळवारी मालाचा खाडा हाय," ठकू त्याला म्हणाली. "मी पुण्याला जाऊन येते, इंद्रीसंगं."

मंगळवारी ठकू नवं लुगडं नेसून आली, लग्नाला निघाल्यासारखी, आणि यंत्राच्या दोन पाट्यांमध्ये छाती दाबली गेली तेव्हा तिनं हूं का चूं केलं नाही. आतल्या खोलीत एकटीनं जायचं होतं, पण पडद्याआड जाताना तिनं मागं वळून बघितलं आणि म्हणाली, "तू ये ना." इंद्रायणी गेली. शिशाचा एप्रन घालून काचेआड उभी राहिली. संध्याकाळी फिल्म आली. गाठ नव्हती. पोत विरळ होता, काळ्या पाण्यात दोन-चार पांढऱ्या काड्या तरंगाव्या तसा; प्रोग्रामनं तिला खालच्या गटात टाकलं. वर्तकबाई म्हणाल्या, तरी आईला होता म्हणून दर वर्षी यायचं, हा पोत म्हणजे काही हमी नव्हे. ठकूनं मान डोलावली. मग तिनं इंद्रायणीची फिल्म बघायला मागितली. दोन्ही शेजारी शेजारी काचेवर लावल्या. एकाच अंगावर वाढलेल्या दोघी, आणि एकमेकींसारखं त्यात काहीही नव्हतं. इंद्रायणीनं किती शोधलं. एखादी रेघ, एखादं वळण, धोंडाबाईची म्हणावी अशी. ठकूचं विरळ जाळं धोंडाबाईचं असेल, किंवा बापाकडचं असेल; कोण सांगणार, धोंडाबाईची फिल्म कुणी काढलीच नव्हती. पण तिचं स्वतःचं हे धुकं धोंडाबाईचं नव्हतं, हे आता नाकारता येईना. इतके दिवस भीतीच्या आतल्या बाजूला जपलेलं ते गोड काहीतरी हळूच विझलं, आणि त्याच्या जागी नुसती भीती उरली. ठकू तिचा दंड धरून म्हणाली, "मग हे आलं कुनाकडनं?"

गजराबाई घोडेगावला असायची. नवरा, म्हातारा सोमाजी, गेल्यावर मेंढरं विकली. इंद्रायणीचा धाकटा भाऊ दादाभाऊ पंचायत समितीत शिपाई लागला, त्यानं तिथंच दोन खोल्या बांधल्या. इंद्रायणी वर्षातून एकदा जायची, साडी ठेवायची, तासाभरात निघायची. या वेळी ती सकाळीच गेली. दादाभाऊ कामावर गेला होता. गजराबाई मागच्या दारी उन्हात भिंतीला टेकून बसली होती, पुढ्यात लोकरीचा पुंजका होता. मेंढरं नसली तरी हात चालायचे. कुणाकडून तरी लोकर आणून सूत काढत बसायची. लेकीला पाहून ती उठू लागली. "बस, आय," इंद्रायणी म्हणाली आणि खाली तिच्याशेजारीच बसली. जमीन उन्हानं ऊबदार झाली होती.

कसं विचारायचं ते एसटीत तिनं घोळवून ठेवलं होतं, ते सगळं गेलं. "मला डॉक्टरांनी विचारलंय," ती म्हणाली, "तुझ्या छातीला कधी काही झालं होतं का."

गजराबाईनं सूत काढायची चाती खाली ठेवली. तिनं समोरच्या शेवग्याकडे पाहिलं. "कोन इचारतंय," ती म्हणाली, "डाक्टर का तू?"

इंद्रायणी तिच्याकडे वळली. "मी," ती म्हणाली.

"तू झालीस आन् चौथ्या दिशी डावं थान पिकलं. ताप भरला. तुजा बाप एका वैदूला घिऊन आला, त्यानं इळा तापवून डाग दिला. त्या अंगाला परत दूध आलं न्हाई. एका अंगावर तू उपाशी ऱ्हायाचीस, रडून निळी पडायचीस. वाडा तर हलवाया पायजे, रानातला पाला संपला, मेंढरं वरडाया लागली. घाटात थंडी. धोंडाबाई म्हनाली, गजरे, पोर मरंल वाटंनं, ठिवून जा, वैशाखात ने. म्हनून ठिवली." ती थांबली. हातातल्या लोकरीचा एक काडीकचरा तिनं शोधून काढून टाकला. "माळशेज उतरलो आन् उजवं थान भरून आलं. तू व्हतीस तवा येत नव्हतं येवढं. चोळी भिजायची. रोज मुक्कामाला पिळून मातीत टाकायची. एक कोकरू व्हतं, त्याची आय मेलेली. त्याला पाजलं. बायामानसं हसली, हसूं दे. त्याचं तोंड लागलं की मी डोळं झाकून घ्यायची. पार होळीपत्तोर पाजलं त्याला."

"आणि वैशाखात?"

"वैशाखात आले की. तू धोंडाबाईला धरून बसलीस. मी हात केला तर किंचाळलीस. तिच्या अंगावर गुबगुबीत झाली व्हतीस. म्या म्हनलं, पोर जगली हाय, आता वडून नेऊन काय करू. माजं थान तर आटलेलं." मग ती अगदी सहज म्हणाली, "पुढच्या साली दादाभाऊच्या आदी एक झाली व्हती, ती ऱ्हायली न्हाई."

इंद्रायणीच्या डोळ्यांपुढे घाटाची वाट होती, मेंढरांच्या पाठी, धूळ, आणि एक वीस-बावीस वर्षांची मुलगी, जिला ती अजून ओळखत नव्हती. ओट्याखाली बसणारी ती काळी बाई वर का येत नव्हती, हा प्रश्न तिनं कधी विचारलाच नव्हता. इतकी वर्षं तिनं स्वतःची ओढ एकीकडे वळवून ठेवली होती, आणि दुसरीकडून तितकीच ओढ तिच्या दिशेनं येत राहिली असेल हे तिच्या हिशेबात कुठं बसलं नव्हतं. ती ओढ पाझरत राहिली, मातीत गेली, कोकराच्या तोंडी गेली.

"तुला काय झालंय का?" गजराबाईनं विचारलं.

"अजून नाही. होऊ शकतं, असं दिसतंय."

"लई दुखतंय?"

"काहीच दुखत नाही, आय. नुसती भीती वाटतेय."

गजराबाईनं दाराकडे पाहिलं, कुणी नव्हतं. तिनं पदर बाजूला केला आणि चोळीची गाठ सोडली. मग इंद्रायणीचा हात मनगटाला धरून तिनं स्वतःच्या डाव्या छातीवर ठेवला. हात खरबरीत होता, लोकरीचं तेल लागलेला. छाती मात्र आश्चर्य वाटावं इतकी मऊ आणि गार होती, आणि तिच्या मधोमध विळ्याच्या आकाराचा कडक, आकसलेला व्रण. पुण्याला संस्थेत येणाऱ्या बायकांना छाती हातानं तपासायला शिकवून शिकवून बोटांना सवय लागली होती, म्हणून इंद्रायणीची बोटं आपोआप फिरू लागली, काखेपासून आत, बाहेरून मध्याकडे, वर्तुळात, हलक्या दाबानं. गजराबाई डोळे मिटून बसली. ऊन शेवग्यातून खाली आलं. गाठ कुठं नव्हती. तपासून झालं होतं, तरी इंद्रायणीनं हात काढून घेतला नाही.